निर्धूर चूल : बांधावी कशी, जपावी कशी

‘घरोघरी मातीच्या चुली’ ही म्हण आपण शेजारच्या घरातली कुरबूर कानावर आली की वापरतो. पण तिचा अगदी सरळ अर्थ घेतला तरी ती अजून बरीचशी खरी आहे. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गॅसची शेगडी वाड्यावस्त्यांवर पोचली, ही चांगलीच गोष्ट झाली. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ग्रामीण भारतातील शंभर घरांपैकी सुमारे ४३ घरेच गॅस, वीज किंवा बायोगॅस अशा स्वच्छ इंधनावर मुख्य स्वयंपाक करताना आढळली. बाकीच्या घरांत लाकूडफाटा, पऱ्हाट्या आणि गोवऱ्याच जळत होत्या.

ज्यांच्या घरी गॅस आहे त्यांच्याकडेही चूल विझलेली नाही. चहा आणि भाजी गॅसवर होते. पण अंघोळीचे पाणी, पाहुण्यारावळ्यांच्या भाकरी, गाईम्हशींचे आंबोण हे सारे परसातल्या चुलीवरच होते. सिलिंडर संपला आणि हातात पैसे नसले, की पुन्हा चूलच कामाला येते. तेव्हा ‘चूल टाका आणि गॅस घ्या’ एवढे सांगून आमचे काम संपत नाही. जमेल तेवढा स्वयंपाक गॅसवर किंवा गोबरगॅसवर करावा, हे पहिले. पण जी चूल घरात राहणारच आहे, ती धूर बाहेर टाकणारी आणि आगीला वाव न देणारी असावी, हे दुसरे. त्या दुसऱ्या गोष्टीचा विचार आज करू.

धूर नेमके काय करतो?

डोळे चुरचुरणे आणि ठसका लागणे एवढ्यावर धूर थांबत नाही. लाकूड पुरते जळले नाही की त्यातून अतिशय बारीक कण आणि कार्बन मोनॉक्साईड नावाचा विषारी वायू बाहेर पडतो. हे कण केसाच्या जाडीच्या विसाव्या हिस्स्याहूनही बारीक असतात. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत. ते थेट फुफ्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात. वर्षानुवर्षे चुलीपुढे बसणाऱ्या बाईला जुना खोकला आणि दमा जडतो, डोळ्यांत मोतीबिंदू लवकर येतो. गरोदर बाई धुरात राहिली तर मूल कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो. आईच्या पाठीवर किंवा मांडीवर असलेल्या तान्ह्या मुलाला न्यूमोनिया होण्याचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे, घरातील अशा प्रदूषणामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, आणि त्यांत पाच वर्षांखालील मुले २ लाख ३७ हजारांच्या वर होती.

आपल्याकडे बाई बिडी ओढत नाही, तरी तिची छाती बिडी ओढणाऱ्यासारखी वाजते. घरातला कर्ता पुरुष पिकावर पडलेली कीड लांबून ओळखतो. पण घरधनिणीचा रोजचा खोकला त्याच्या कानाला सवयीचा झालेला असतो. म्हणून हा लेख बायकांइतकाच पुरुषांनीही वाचावा.

वैलाची युक्ती आपलीच

निर्धूर चूल ही काही परकी वस्तू नाही. आपल्या जुन्या चुलीला शेजारी वैल असतो. पुढे तव्यावर भाकरी होते आणि आतून वळलेल्या जाळावर वैलावरची आमटी उकळते. एकाच जाळात दोन कामे करण्याची ही युक्ती आपल्या आज्या-पणज्यांचीच आहे. निर्धूर चुलीत तिच्यापुढे एकच पाऊल टाकलेले असते. वैलाखालून निघणारा धूर घरात न सोडता धुराड्याने छपराबाहेर नेलेला असतो.

वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचे काम करणाऱ्या मंडळींनी ‘मगन चूल’ बनवली. हैदराबादच्या डॉ. एस. पी. राजू यांनी १९५३ साली निर्धूर स्वयंपाकघरावर पुस्तिका काढली. पुढे १९८० च्या दशकात केंद्र सरकारने राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम हाती घेतला. तो २००२ पर्यंत चालला. त्या काळात पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने ‘लक्ष्मी’ चुलीचा प्रसार केला. साध्या चुलीत जळणाच्या शंभर भाग उष्णतेपैकी दहाच्या आसपास भागच भांड्याला लागतो, बाकी वाया जातो. सुधारित चुलीने निदान वीस भाग तरी भांड्याला द्यावा, अशी त्या कार्यक्रमाची अपेक्षा होती. म्हणजे चूल नीट बांधली आणि नीट वापरली, तर डोक्यावरचा सरपणाचा भाराही हलका होतो.

मग त्या चुली गेल्या कुठे?

हा प्रश्न वाचक विचारतील आणि तो रास्त आहे. मी खात्यात नोकरीला लागलो तेव्हा गावोगाव निर्धूर चुली बांधल्या जात होत्या. दोन-चार वर्षांनी त्याच घरी जावे, तर कुठे धुराड्याचा नळ फुटलेला, कुठे वैलाचे भोक चिखलाने बुजवलेले, तर कुठे चुलीचे तोंड फोडून मोठे केलेले असे. एका आजीबाईंना कारण विचारले. त्या म्हणाल्या,

“साहेब, धूर गेला ह्ये खरं. पन भाकरी फुगंना. आतल्या इंगळाला हात पोचत न्हाई. मग फोडलं तोंड.”

“आजी, तोंड मोठं केलं तर धूर परत घरात येणार.”

“यिऊं दे की! मग काय पोरांस्नी कच्ची भाकर घालू?”

आजींचे बरोबर होते. आपली भाकरी तव्यावर अर्धी होते आणि चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यावर शेकून फुगते. चूल आखणाऱ्याने कागदावर जाळ, भांडे आणि धुराडे मांडले. भाकरी मांडलीच नाही. चुलीपुढे जी बसणार तिला विचारलेच गेले नाही. म्हणून पहिला नियम हा, की चूल बांधायच्या आधी घरातल्या बाईला सारे विचारून घ्यावे. तवा केवढा, पातेली कोणती, ती बसून रांधते की उभी राहून, डाव्या हाताला काय हवे, उजव्या हाताला काय हवे, हे तिच्याकडूनच कळते. आजींच्या अडचणीवर उपायही सोपा आहे. चुलीच्या तोंडापुढे नऊ-दहा इंचांचा पसरट ओटा ठेवावा आणि त्याला बोटभर उंचीचा काठ करावा. निखारे चिमट्याने या ओट्यावर ओढून त्यावर भाकरी शेकता येते. तोंड फोडावे लागत नाही आणि निखारा घरंगळून खालीही येत नाही.

दुसरी हरकत जुनी माणसे घेतात. ते म्हणतात, धुराने वासे किडत नाहीत आणि चुलीवर टांगलेले बियाणे टिकते. हे खोटे नाही. पण बियाणे टिकते ते मुख्यतः कोरडे राहिल्यामुळे. बियाणे उन्हात कडकडीत वाळवून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून घट्ट झाकणाच्या कोठीत ठेवले तरी टिकते. बियाण्याला दुसरा उपाय आहे; बाईच्या छातीला नाही.

चुलीची जागा

चूल भिंतीला लागून, पण दारासमोरच्या सरळ वाऱ्यात येणार नाही अशी असावी. वारा थेट तोंडावर आला की जाळ बाहेर फेकला जातो. चूल ज्या भिंतीला टेकते ती मातीची, विटांची किंवा दगडाची असावी. कुडाची भिंत असेल तर चुलीमागे निदान चार फूट उंचीपर्यंत विटा-मातीची जाड भिंत घालावी. चुलीच्या भोवती तीन फुटांपर्यंत सरपण, गोवऱ्या, कडबा, गोणपाट किंवा दोरीवरचे कपडे असू नयेत. चुलीवरच्या माळ्यावर काड्या-काटक्या रचण्याची सवय अनेक घरांत आहे, ती मोडावी.

धुराड्याबरोबर खिडकीही हवी. धुराडे धूर नेते, पण त्याला बाहेरून ताजी हवा मिळाली तरच. भिंतीत एक खालचा झरोका आणि वर कौलाशी एक झरोका असावा.

गॅस आणि चूल एकाच खोलीत असतील तर फार सांभाळावे. गॅस हवेपेक्षा जड असतो. तो गळला तर वर न जाता जमिनीलगत पसरतो, आणि आपली चूल जमिनीलगतच पेटते. शक्य असेल तर चूल पडवीत किंवा वेगळ्या खोपीत ठेवावी. ते जमत नसेल तर चूल पेटवण्यापूर्वी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करावा. गॅसचा वास आला तर काडी ओढू नये आणि विजेचे बटणही दाबू नये. दारे-खिडक्या उघडाव्यात, घरातल्यांना बाहेर न्यावे आणि बाहेर जाऊन १९०६ या तक्रार क्रमांकावर फोन करावा.

माती कशी निवडावी?

काळी माती चुलीला घेऊ नये. ती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसते. आपल्या शेतात उन्हाळ्यात भेगा पडतात तशाच चुलीलाही पडतात. पांढरी माती, पोयटा किंवा जुन्या पडक्या भिंतीची माती उत्तम. माती चाळून तिच्यात गव्हाचा भुसा किंवा भाताचा तूस आणि शेण मिसळावे, पाणी घालून चार-पाच दिवस भिजत ठेवावी आणि रोज तुडवावी.

माती साधली की नाही हे पाहायला लाडू वळून बघावेत. तीन-चार लाडू वळून सावलीत वाळवावेत. लाडवाला भेगा पडल्या तर भुसा वाढवावा. तो हाताने चुरडला तर चिकण माती वाढवावी. भेग नाही आणि जमिनीवर टाकल्यावर सहज फुटतही नाही, अशी माती चुलीला घ्यावी.

बांधणी

चुलीसाठी चार-सहा इंच उंच ओटा घ्यावा. उभे राहून रांधायचे असेल तर विटांचा उंच ओटा करावा. रांगती-चालती मुले असतील त्या घरी उंच ओटा अधिक बरा. तोंड साधारण सात इंच रुंद आणि सहा इंच उंच पुरते. तोंड मोठे ठेवले की गरजेपेक्षा जास्त गार हवा आत शिरून जाळ थंड करते, शिवाय बाई जास्त लाकडे कोंबते.

आत लोखंडी सळ्यांची जाळी बसवावी. लाकूड जाळीवर राहिले की खालून हवा मिळते आणि ते धूर न करता जळते. जाळीपासून तव्याच्या बुडापर्यंत साधारण वीतभर अंतर असावे. पहिल्या भोकाकडून वैलाकडे जाणारा बोगदा चार इंचांचा आणि किंचित चढता असावा. वैलाखालची पोकळी उथळ ठेवावी, म्हणजे जाळ वैलावरच्या भांड्याच्या बुडाला घासून पुढे जातो. भोके घरातल्या भांड्यांच्या मापानेच घ्यावीत आणि माती ओली असतानाच त्यांवर भांडी ठेवून बसवून पाहावीत. भांडे आणि भोक यांत फट राहिली तर धूर धुराड्याकडे न जाता त्या फटीतून वर येतो. लहान भांड्यासाठी लोहाराकडून एक-दोन लोखंडी कडी करून घ्यावीत. वैलावर काही शिजवायचे नसेल तेव्हा त्यावर पाण्याचे भांडे ठेवावे. वैल उघडा राहिला की धुराड्याची ओढ तुटते.

धुराडे : सारी भिस्त यावर

गरम हवा हलकी होऊन वर चढते आणि तिच्या मागोमाग चुलीच्या तोंडातून ताजी हवा ओढली जाते. ही ओढ धुराड्याच्या उंचीवर असते. धुराडे ठेंगणे असेल तर चूल कितीही चांगली बांधली तरी धूर घरातच येणार. चुलीपासून वरपर्यंत धुराड्याची उंची निदान दहा फूट असावी. ते छपरातून जिथे बाहेर पडते तिथून किमान दोन फूट वर असावे, आणि जवळ आढे असेल तर आढ्याच्याही वर न्यावे. नळ आतून निदान तीन इंच असावा. मोठ्या कुटुंबाच्या चुलीला चार इंची बरा. नळ सरळ उभा न्यावा, जितकी वळणे तितकी ओढ कमी. माथ्यावर टोपी बसवावी म्हणजे पाऊस आत येत नाही. टोपी आणि नळ यांत चार इंच मोकळे ठेवावे. बुडाशी काजळी काढायला एक लहान दार ठेवावे आणि एरवी ते घट्ट बंद असावे.

नळ कशाचा असावा, यावर फार जपावे. कुंभाराकडचे भाजलेल्या मातीचे नळ किंवा जाड पत्र्याचा नळ चांगला. प्लास्टिकचा पी.व्ही.सी. नळ कधीही वापरू नये. तो वितळतो, पेटतो आणि विषारी धूर सोडतो. पूर्वीच्या योजनांत राखाडी सिमेंटचे अॅस्बेस्टॉसचे नळ सर्रास बसवले गेले. त्यातले धागे श्वासावाटे फुफ्फुसात गेले तर कर्करोग होऊ शकतो, हे आता पक्के ठाऊक झाले आहे. नवीन चुलीला तो नळ घेऊ नये. जुना असेल आणि शाबूत असेल, तर तो करवतीने कापू नये, फोडू नये आणि तारेच्या ब्रशने घासू नये. पत्र्याचा नळ तापतो, म्हणून खालच्या तीन फुटांवर मातीचा जाड लेप द्यावा. मुलांचे हात तिथेच जातात.

छप्पर गवताचे, पाचटाचे किंवा उसाच्या वाड्याचे असेल तर नळ त्यातून नेऊच नये. आमच्या भागातल्या एका वस्तीवर धुराड्याचे तोंड वळचणीखालीच सोडले होते. फेब्रुवारीतल्या एका दुपारी ठिणगी पडून छप्पर पेटले आणि शेजारची कडब्याची गंजीही गेली. माणसे रानात होती म्हणून वाचली. दावणीची गाय वाचली नाही. अशा घरात चूल मातीच्या भिंतीशी घ्यावी, नळ भिंतीतून चढता बाहेर काढावा आणि छपराच्या कडेपासून निदान दीड फूट दूर ठेवून छपराच्या वर तीन फूट न्यावा. कौलारू घरात नळाभोवतीचे वासे आणि रिपा नळापासून वीतभर दूर ठेवून मधल्या जागेत पत्रा बसवावा.

पहिला जाळ

चूल सावलीत दहा-पंधरा दिवस वाळू द्यावी. घाईने मोठा जाळ केला की आतले पाणी वाफ होऊन चूल तडकते. पहिले तीन-चार दिवस काटक्यांचा लहान जाळ करावा. मग परीक्षा घ्यावी. दोन्ही भोकांवर भांडी ठेवून, जाळ लागल्यावर पेटती उदबत्ती तोंडाशी धरावी. तिचा धूर आत ओढला गेला तर चूल साधली. तो बाहेर आला तर फटी, धुराड्याची उंची आणि बोगदा पुन्हा तपासावा.

जळण कोणते आणि कसे?

ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणीच असते. ते पाणी उडवण्यात जाळ खर्च होतो, धूर वाढतो आणि धुराड्यात काजळीचे जाड थर बसतात. पुढे हीच काजळी पेट घेते. म्हणून सरपण पावसाळ्याआधी फोडून, मनगटाएवढ्या जाडीचे करून, चार-सहा महिने हवेशीर आणि पावसापासून आडोशाला ठेवावे. एकमेकांवर आपटून टणटण वाजले की लाकूड वाळले असे समजावे. बाभूळ, सुबाभूळ, तुराट्या, मक्याची बुरकुंडे हे चांगले जळण.

पऱ्हाट्यांबद्दल दोन शब्द. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने काय केले ते कापूसवाले विसरले नसतील. पऱ्हाट्यांवर राहिलेल्या किडक्या बोंडांत ही अळी सुप्तावस्थेत दडते. म्हणून पऱ्हाट्या शेतात किंवा बांधावर रचून ठेवू नयेत. जळणाला हव्यात तेवढ्याच, उरलेली बोंडे तोडून नष्ट करून घरी आणाव्यात आणि पुढच्या लागवडीआधी संपवाव्यात. बाकीच्यांचा यंत्राने बारीक चुरा करून खत करावे.

चुलीत काय घालू नये, तेही पाहू. प्लास्टिकच्या पिशव्या, टायर, रबरी चपला आणि रंग दिलेली लाकडे जाळू नयेत. औषधांचे रिकामे डबे, बाटल्या आणि खोकी तर मुळीच नकोत. तणनाशक, कीटकनाशकांचा धूर म्हणजे विषच होय. कण्हेर विषारी आहे. तिच्या लाकडाचा धूरही बाधतो.

पेटवताना रॉकेल, पेट्रोल किंवा डिझेल ओतू नये. विझत आलेल्या चुलीत रॉकेल ओतताना जाळ थेट डबीपर्यंत धावतो. वाळका पाला, सालपटे किंवा बारीक काटक्या घालाव्यात आणि फुंकणीने हळू फुंकावे. एका वेळी दोन-तीनच लाकडे ठेवावीत आणि जळतील तशी आत सारावीत.

साफसफाई

निर्धूर चूल मागते ते एवढेच. रोज गार झालेली राख जाळीखालून काढावी. आठवड्यातून एकदा बोगद्यात आणि वैलाखाली काठीला चिंधी बांधून काजळी काढावी. महिन्यातून एकदा धुराड्यातून, दोरीला नारळाच्या काथ्याचा बोळा बांधून, तो वर-खाली ओढावा आणि खालच्या दाराने काजळी काढावी. हे काम चूल गार असताना, नाकातोंडाला फडके बांधून करावे. छपरावर चढण्याचे काम घरच्या पुरुषाने अंगावर घ्यावे, आणि तेही कौले ओली नसताना. चुलीला भेग दिसली की त्याच दिवशी त्याच मातीने लिंपावी. आपल्या बायका रोज पोतेरे फिरवतात, त्या वेळीच भेग बघायची सवय लावावी.

कधी धुराड्यातून घोंघावल्यासारखा आवाज आला आणि टोपीतून ठिणग्या उडू लागल्या, तर आतली काजळी पेटली आहे असे समजावे. वरून पाणी ओतू नये. तापलेला नळ तडकतो. लाकडे बाहेर ओढून मातीने विझवावीत, चुलीचे तोंड पत्र्याने आणि ओल्या मातीने बंद करावे, माणसे बाहेर काढावीत आणि छपरावर नजर ठेवून पाणी तयार ठेवावे.

पदर, पोर आणि पाणी

चुलीपुढे बसताना पदर खोचून घ्यावा. नायलॉनची साडी पेटली की वितळून अंगाला चिकटते. रांधताना सुती लुगडे किंवा साडी बरी. चुलीजवळ पाण्याची बादली आणि वाळूची किंवा मातीची पाटी कायम असावी. कढत पातेल्याचे कान बाहेर येऊ देऊ नयेत. रांगत्या मुलासाठी चुलीभोवती आडवी फळी लावावी.

कपडे पेटले तर धावू नये. वाऱ्याने जाळ भडकतो. जमिनीवर पडून लोळावे आणि दुसऱ्याने जाड सुती गोधडी किंवा घोंगडी टाकून आग दाबावी. भाजलेल्या जागी लगेच साधे गार पाणी वीस मिनिटे सोडत राहावे. बांगड्या-अंगठ्या सूज येण्याआधी काढाव्यात. शाई, टूथपेस्ट, हळद, तेल किंवा बर्फ लावू नये, फोड फोडू नयेत आणि चिकटलेले कापड ओढू नये. स्वच्छ कापडाने झाकून दवाखान्यात न्यावे. मोठे भाजणे असेल किंवा मूल भाजले असेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

बंब आणि शेगडी

ज्या घरी अंघोळीचा बंब आहे त्यांनी तो बंद न्हाणीघरात पेटवू नये. तो पडवीत किंवा उघड्यावर ठेवावा, आणि पाणी भरल्याशिवाय पेटवू नये. थंडीत निखाऱ्यांची शेगडी खोलीत घेऊन, दारे लावून झोपण्याची चाल फार घातक आहे. निखाऱ्यांतून धूर दिसत नाही, पण कार्बन मोनॉक्साईड निघत असतो. त्याला रंग नाही आणि वासही नाही. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते आणि झोपेतच माणूस जातो. असे कोणी आढळले तर आधी त्याला मोकळ्या हवेत आणावे आणि लगेच दवाखान्यात न्यावे.

राख

राखेत निखारा दिवसभरसुद्धा जिवंत राहतो. राख थेट उकिरड्यावर किंवा गंजीजवळ टाकू नये. पत्र्याच्या बादलीत काढून, पाणी शिंपडून, पुरती गार झाल्यावरच बाहेर न्यावी. ही राख पालाशयुक्त असते. परसबागेतल्या वांगी-मिरचीच्या वाफ्यांत थोडी थोडी मिसळावी. मात्र युरियासोबत कालवू नये, त्याने नत्र हवेत उडून जाते. जिथे जमीन आधीच चोपण आहे तिथे राख टाकूच नये.

बंधू-भगिनींनो, पेरणीच्या आधी आपण तिफणीची एकेक नळी फुंकून बघतो. एक नळी तुंबली तर तास रिकामा जातो, हे आपल्याला माहीत असते. धुराडे हीही एक नळीच आहे. पावसाळा तोंडावर येण्याआधी एक दिवस काढावा. धुराड्यातून बोळा फिरवावा, टोपी घट्ट करावी, चुलीच्या भेगा लिंपाव्यात, माळ्यावरच्या काटक्या खाली आणाव्यात आणि सरपण आडोशाला रचावे. नवी चूल घालायची असेल तर माती आजच भिजत घालावी, आणि माप घेताना घरधनिणीला चुलीपुढे बसवून तिच्या हाताच्या अंतराने घ्यावे.